धुऊन टाकलेले तुकडे

“घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलंय का? झोपेत, पळताना, पाण्यात?”

शिकलगार मॅडमनी असं विचारलं आणि माझ्या तोंडातलं क्रीमचं बिस्कीट तोंडातच राहिलं. पाण्यात, असं म्हणाल्या त्या. मी पप्पांकडं बघितलं. पप्पा टेबलावरच्या पेनांच्या डब्याकडं बघत होते.

“नाही मॅडम,” पप्पा म्हणाले. “आमच्यात असलं काय नाही. सगळी म्हातारी होऊन, नातवंडं-पतवंडं बघून गेली.”

मॅडमनी कागदावर एक बारीक फुली मारली.

मी तेव्हा आठवीत होते. आता अकरावीत आहे, वक्तृत्वाच्या तीन ढाली माझ्या नावावर आहेत आणि मी बोलायला उभी राहिले की परीक्षकांना दोनदा घंटा वाजवावी लागते. पण त्या दिवशी, पुण्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गार खोलीत, मी बिस्कीट गिळलं आणि गप्प बसले.

कारण मला माहीत होतं. आमच्यात एक गेलं होतं. शालन आत्या, पप्पांची थोरली बहीण. मी जन्मायच्या कितीतरी आधी, आमच्या गावच्या घाटावर, कृष्णेत. लग्न आठ दिवसांवर आलं होतं तिचं. जी पोरगी एका दमात पलीकडच्या काठाला हात लावून परत यायची ती बुडेल कशी? गावानं एकच अर्थ काढला. तिनं जीव दिला. घरात तिचा फोटो नव्हता, नाव नव्हतं. मला हे शाळेतल्या एका पोरीनं भांडणात ऐकवलं होतं. “जा की, तुझ्या आत्यागत मार उडी.” मी घरी येऊन मम्मीला विचारलं, तर तिनं आधी माझ्या तोंडावर हात दाबला, आणि मग तो हात तसाच ठेवून, हळू आवाजात, सगळं सांगितलं. वर म्हणाली, “पप्पांच्या समोर हे नाव काढायचं न्हाई. कधीच न्हाई.”

आणि जीव देणं हा काय आजार असतो का? असं मी त्या खुर्चीत स्वतःला समजावलं. पप्पांनीही स्वतःला तसंच समजावलं असणार.

आजार होता तो माझ्या भावाला. रणवीर, नऊ वर्षांचा, तिसरीत. तो तेव्हा मॅडमच्या खोलीतल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीवर गरागरा फिरत होता आणि मम्मी त्याला डोळ्यांनी दटावत होती. वर्षभरात तो तीनदा पडला होता. एकदा शाळेच्या खेळांत शंभर मीटर पळताना. एकदा क्रिकेटमध्ये, चोरटी धाव काढताना. आणि एकदा घाटावर, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकताना. पडायचा, डोळे पांढरे व्हायचे, हातपाय झटके द्यायचे, आणि मिनिटाभरात उठून बसायचा. “दीदी, काय झालं? सगळे माझ्याकडं का बघायलेत?” सांगलीच्या डॉक्टरांनी फिट्स म्हणून गोळ्या दिल्या. छातीला तारा लावून आलेख पण काढला होता, तो ठीक आहे म्हणाले. गोळ्यांनी तो वर्गात पेंगायला लागला, पण पडायचं थांबलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, जीन्स तपासून बघू. पुण्याला जा. चौथ्यांदा पडला आणि उठलाच नाही तर, हे कुणी बोलत नव्हतं, पण आम्ही तिघंही तेच मनात धरून गाडीत बसलो होतो.

शिकलगार मॅडम त्या प्रयोगशाळेत घरच्या माणसांशी बोलायचं काम करायच्या. मूळच्या मिरजेच्या. आमची भाषा ऐकल्यावर त्यांची पण भाषा सैल झाली.

“दादा, परत एकदा विचारते,” त्या म्हणाल्या. “सांगायला नको वाटेल असं काही असलं तरी सांगा. मला गावाला सांगायचं नाहीये. मला गळ निवडायचेत.”

“गळ?” रणवीरनं खुर्ची थांबवली. “मासं धरायचा?”

“तसलाच. पण इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही.” मॅडमनी कागद उलटा केला आणि त्याच्यावर एक लांबच लांब रेघ काढली. “हा तुझा डीएनए. तुझ्या रक्तातल्या पेशीपेशीत आहे. आधी आम्ही त्याचे बारीक तुकडे करतो.” रेघेवर त्यांनी फटाफट काटे मारले. “लाखो तुकडे. त्यातले आम्हाला हवेत थोडेच. मग आम्ही त्यात गळ सोडतो. प्रत्येक गळाला त्याचा ठरलेलाच तुकडा चिकटतो, दुसरा नाही. गळाच्या शेपटीला लोखंडाचे मणी बसतात. बाहेरनं लोहचुंबक लावला की गळ, मणी आणि तुकडा, सगळं एका बाजूला येऊन चिकटतं.”

लोहचुंबक म्हटल्यावर पप्पा पुढं सरकून बसले. पप्पांचं गावात मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे, नदीवरचे जळलेले पंप त्यांच्याकडं येतात, ते तांब्याची जुनी तार काढून नवी भरून देतात.

“आणि बाकीचं?” पप्पांनी विचारलं.

“बाकीचं धुऊन टाकतो.”

“धुऊन?”

“पाण्यासारखंच असतं ते. ओतून देतो. आणि जे धरलंय तेवढंच वाचतो. पण तेवढं दोनशेदा, तीनशेदा वाचतो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं असलं तरी सापडतं.”

“सगळंच का वाचत न्हाई मग?”

“वाचता येतं. पण मग प्रत्येक ओळ थोड्याच वेळा वाचून होते, आणि सापडलेल्या शंभर फरकांतला खरा दोष कुठला ते कळत नाही. म्हणून आधी ठरवायचं, कुठं बघायचं. रणवीरला फिट्स येतात, म्हणून आम्ही फिट्सच्या जीन्सचे गळ टाकणार. हृदयाचे गळ वेगळे असतात, स्नायूंचे वेगळे.”

“आणि दोष त्या धुतलेल्या पाण्यात असला तर?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना फारसं कुणी विचारत नसावं.

“तर सापडणार नाही, दादा. म्हणून तर खोदून खोदून विचारतेय.”

पप्पा हसले. त्यांना मॅडम आवडल्या होत्या, मला कळत होतं. “आमच्याकडं पण तीच तऱ्हा, मॅडम. गिऱ्हाईक कधी खरं सांगत न्हाई. पाणी नसताना पंप कोरडा चालवतंय, जाळून आणतंय, आणि म्हणतंय, आपोआप बंद पडला. मग आम्ही आपलं नको तिथं हुडकत बसायचं.”

“बघा! मग?”

“मग काय. आमच्यात असलं काय न्हाई.”

मम्मी साडीच्या पदराला पीळ घालत होती. मी टेबलाखालून माझा पाय हळूच तिच्या पायाला लावला. तिनं पाय मागं घेतला.

रणवीरचं रक्त घेतलं. तो रडला नाही, पण नर्सला म्हणाला, “माझ्या नावाची चिठ्ठी नीट चिकटवा हां, नाहीतर गळाला दुसराच कुणीतरी लागेल.” सगळे हसले. मीसुद्धा.

रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला, पप्पांच्या फोनवर. मी शाळेतून येता येता दुकानात डोकावले तर त्यांनी वॉर्निशच्या हातानं फोन माझ्यापुढं धरला. “इंग्रजीत आहे. वाच.”

वर्गात इंग्रजीत मी पहिली. मी दप्तर न काढताच वाचलं. नाव, वय, जीन्सची लांब यादी, आणि मधोमध ठळक अक्षरात एक शब्द.

“निगेटिव्ह.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही सापडलं.”

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही, पप्पा!”

त्याच्या खाली एक चौकट होती. लिमिटेशन्स. बारीक बारीक अक्षरं, एकेक शब्द गटारीएवढा लांब. मी पहिली ओळ वाचली, दुसरी अर्धी वाचली आणि फोन परत दिला. मला भूक लागली होती.

थोड्या वेळानं मॅडमचा फोन आला. दुकानात ग्राइंडर चालू होता. पप्पा एका कानात बोट घालून मोठ्यानं बोलत होते. “हो, बघितला... लई उपकार झाले मॅडम... हो हो, गोळ्या चालूच ठेवतो... पाणी? हो हो... परत? आणू की, परीक्षा झाल्यावर आणू...” आणि फोन ठेवल्या ठेवल्या शेजारच्या हॉटेलातून पावशेर पेढे आणले.

घरी मम्मीनं पेढा हातात धरून विचारलं, “मग पडतंय कशानं ते?”

“अशक्तपणा. वाढीचं वय आहे.”

“अवो, पण तिसऱ्यांदा—”

“अगं, डीएनए बघितलाय त्यांनी. डीएनए! त्याच्या पुढं काय असतंय आणि?”

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. इंग्रजी वाचणारी मी होते. मी मान हलवली. काही नाही, मम्मी. खा.

आमच्याकडं रंगपंचमीला सकाळी रंग खेळतात आणि दुपार व्हायच्या आत अख्खं गाव रंग काढायला घाटावर येतं. तीन महिने रणवीरला नदीबंदी होती. त्या दिवशी तो गुलाबी रंगानं कानापर्यंत माखला होता, ओळखूच येत नव्हता. पप्पांनी त्याच्या पाठीला स्वतः डबा बांधला.

“डॉक्टर नको म्हणालेत,” मम्मी म्हणाली होती.

“मी हाय की हाताच्या अंतरावर. किती दिवस घरात कोंडणार? रिपोर्ट चांगला आलाय त्याचा.”

मी खालून दुसऱ्या पायरीवर बसून कोपरावरचा हिरवा रंग दगडानं घासत होते. पप्पा छातीएवढ्या पाण्यात उभे होते. रणवीर त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला, धापा टाकत, खुशीत.

“पप्पा, डबा काढा! बिनडब्याचं येतंय मला!”

पप्पांनी गाठ सोडली. डबा माझ्याकडं फेकला. मी तो झेलला.

“दीदी, मोज हं! किती हात मारतोय मोज!”

मी मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन. तो छान मारत होता, कोपर वर, तोंड बाजूला. सात, आठ. पप्पा हसत मागं मागं सरकत होते, त्याला अजून थोडं यायला लावत होते. मी अकरा म्हणाले आणि बाराव्याला हात आलाच नाही.

ओरडला नाही. हातपाय मारले नाहीत. नुसता थांबला. जसा चालू पंखा बटण बंद केल्यावर थांबतो, पण लगेच. पप्पा दोन पावलांवर होते. त्यांनी त्याला उचललं तेव्हा तो पाण्याखाली पुरता गेलाही नव्हता. काठावर आणला, पालथा घातला, पाठ चोळली, उताणा केला, पोट दाबलं. तोंडावर सगळा गुलाबी रंग. त्यामुळं चेहरा कसा पडलाय हे कुणालाच कळेना. लोक म्हणत होते, शुद्ध हरपली, फिट आली, कांदा आणा. मी त्याच्या ओठांवरचा रंग माझ्या ओढणीनं पुसला. खाली ओठ निळे होते.

“पाणी निघंना,” पप्पा म्हणत होते. दाबत होते आणि म्हणत होते. “समे, पाणी निघंना गं. पोटात पाणीच न्हाई.” आणि मग, माझ्याकडं न बघता, कुणाकडंच न बघता, “शालीच्या पण न्हवतं निघालं.”

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दवाखान्यातून रणवीरला घरी आणलं तेव्हा जीपच्या सीटवर गुलाबी डाग पडले होते.

तेराव्यानंतर मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत मुलं पळापळी खेळत होती. मी व्हरांड्यातून बघत बसले आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात एकमेकीच्या शेजारी येऊन बसायला लागली. पळताना. धाव काढताना. पोहताना. झोपेत कधी नाही. जेवताना कधी नाही. टीव्हीपुढं कधी नाही. ह्याच्या पोटात पाणी नाही. तिच्या पोटात पाणी नाही. दोघांनाही पोहायला येत होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी तो रिपोर्ट उघडला आणि लिमिटेशन्सची चौकट डिक्शनरी घेऊन शेवटच्या टिंबापर्यंत वाचली. ‘ह्या चाचणीत न निवडलेल्या जीन्समधले दोष ह्या अहवालामुळे नाकारले जात नाहीत.’ एवढंच होतं त्यात.

दुसऱ्या दिवशी मम्मीचा फोन घेऊन मी पाण्याच्या टाकीमागं गेले.

“मॅडम, मी समृद्धी लोहार. रणवीरची बहीण. तुम्ही विचारलं होतं ना, पाण्यात कुणी गेलंय का. गेलंय. आत्या गेलीय. आणि आता रणवीर पण गेला.”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“बाळा, कुणी मोठं आहे का शेजारी?”

“नाही. आता मीच बोलणार आहे.”

मी सगळं सांगितलं. आत्याचं वय, लग्नाची तारीख, पलीकडच्या काठाला हात लावून यायची ते. बारावा हात. न निघालेलं पाणी. मॅडम मधेमधे एवढंच विचारत होत्या: ओरडला का? किती वेळात बाहेर काढलं? एका जागी त्या “या अल्ला” म्हणाल्या, बारीक आवाजात.

“समृद्धी, ऐक. रणवीरचा डीएनए अजून आमच्याकडं आहे. आम्ही त्यातला थोडाच वापरला होता.”

“अजून आहे? कुठं?”

“फ्रीजरमध्ये. त्यावर मी दुसरे गळ टाकायला सांगते. हृदयाचे. पण तुझ्या शब्दावर मला हात लावता येणार नाही. आईची नाहीतर वडिलांची सही लागेल.”

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही थोडा वेळ. त्याचं काहीतरी अजून होतं. पुण्यात, एका बारक्या नळीत, नावाची चिठ्ठी लावून.

संमतीचा कागद फोनवर आला. मी स्टँडवरच्या दुकानातून त्याची प्रत काढून आणली आणि मम्मीपुढं ठेवली. ह्या वेळी एकेक ओळ मराठीत करून वाचली. बारीक अक्षरातली सुद्धा. मम्मी चुलीपुढं बसल्यासारखी गॅसच्या ओट्यापुढं खाली बसली होती. पप्पा दुकानात होते. तेव्हा ते दिवसभर दुकानातच असायचे, आणि दुकान बंद असायचं.

“आता बघून काय करायचं, समे?”

“मम्मी, मी पण त्याच घरातली आहे.”

तिनं झटकन माझ्याकडं बघितलं. मला वाटतं तोवर तिच्या मनात ते आलंच नव्हतं. तिनं पेन घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई एकेक अक्षर कोरते. अर्ध्या नावापर्यंत आली आणि थांबली.

“त्याला दुखायचं न्हाई न्हवं?”

मी तोंड उघडलं. वक्तृत्वाच्या ढालीवाली मी.

“नाही गं, मम्मी. दुखत नाही.”

तिनं उरलेलं नाव लिहिलं.

त्यात सापडलं. हृदयाच्या ठोक्यांच्या एका जीनमध्ये एक अक्षर बदललेलं. मग मॅडमनी पप्पांना स्वतः फोन केला आणि आम्हा तिघांचं रक्त मागवलं. पप्पांनी का, कशाला, काही विचारलं नाही, हात पुढं केला. महिन्याभरानं आम्ही पुन्हा त्या खोलीत बसलो. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो होतो, माझ्या हातात त्यांची गोळ्यांची चिठ्ठी होती. मम्मीला दोष नव्हता. पप्पांना होता. मला होता.

“काही जणांना आयुष्यभर कळत पण नाही,” मॅडम म्हणाल्या. “दादा, तुम्ही त्यातले. पण काहींचं हृदय जोराच्या श्रमात ठोका चुकतं, आणि मग नुसतं थरथरत राहतं. मेंदूला रक्त जात नाही, म्हणून झटके येतात. बघणाऱ्याला वाटतं फिट आलीय. ह्या प्रकारात पोहणं सगळ्यात वाईट. माणूस बुडून मरत नाही. आधी ठोका थांबतो, मग तो खाली जातो. म्हणून पोटात पाणी नसतं.”



“चांगला पोहणारा असला तरी?” पप्पांनी विचारलं.

“चांगला पोहणाराच जास्त.”

पप्पा उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. मग बोलायला लागले, आणि ते आमच्याशी नाही, टेबलाशी बोलत होते.

“तिच्या पुस्तकात मला एक चिठ्ठी सापडली होती. कुणा पोराची. मी सतराचा होतो. ती एकोणीसची. मी थोरल्या बहिणीवर हात उचलला, मॅडम. आठ दिवसांवर लग्न आणि तुझं हे काय, म्हणून. आणि म्हणालो, जा, मर जा नदीत. ती हसली माझ्यावर. म्हणाली, ‘मरायला न्हाई, पवायला चाललीय, इल्या. डोस्कं गार करून येती.’ इल्या म्हणायची मला. टॉवेल घेऊन गेली.” त्यांनी नाक पुसलं. “हे कुणाला सांगितलं न्हाई मी. घरच्यांनी नाव टाकलं तिचं. मला बरं वाटलं टाकलं म्हणून. बावीस वर्षं मी... ती पवायलाच गेली होती?”

“मी शपथेवर नाही सांगू शकत,” मॅडम म्हणाल्या. “ती आता नाही, तिचं रक्त नाही. पण हा दोष तुमच्यात आहे, म्हणजे तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलाय, तसाच तो तिच्यातही असू शकतो. मला विचाराल तर, दादा, ती पोहायलाच गेली होती.”

पप्पांचे खांदे खाली आले. इतके खाली की मला पहिल्यांदा कळलं, माझ्या जन्मापासून मी त्यांना खांदे वर धरलेलेच बघत आले होते. ते हसले सुद्धा थोडं. “पवायलाच गेली होती,” मम्मीला म्हणाले. “ऐकलं का तू?”

आणि मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्या मागून पुढचा प्रश्न वर येताना मला दिसला. मम्मीला पण दिसला. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठू या म्हणून.

“मॅडम,” पप्पा म्हणाले. “मी त्या दिवशी सांगितलं असतं तर? तुम्ही दोनदा विचारलं. एक गेलीय पाण्यात, एवढंच म्हणालो असतो तर?”

मॅडमनी चष्मा काढला. “दादा, असं मागं जाऊन कुणाला...” आणि त्या थांबल्या. त्यांना खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. मम्मी मान हलवत होती, नको, नको, अशी, मॅडमकडं बघून.

“वाचला असता, पप्पा,” मी म्हणाले.

“समे!” मम्मी ओरडली.

“वाचला असता. ह्याच गोळ्या दिल्या असत्या, नदीवर पाठवला नसता. बहुतेक वाचतात ह्याच्यावर, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं.” मम्मीनं माझा दंड धरला, पण मी थांबले नाही. “आणि मला पण माहीत होतं. मी पण इथंच बसले होते आणि बोलले नाही. मम्मीला पण माहीत होतं. खालचं बारीक अक्षर मी वाचलं नाही, भूक लागली म्हणून. काही नाही सापडलं, असं मी सांगितलं तुम्हाला. तुम्ही एकट्यानं नाही केलं हे.”

मला वाटलं आता पप्पा उठतील आणि मला मारतील, किंवा उठतील आणि जातील, आणि मग आमच्या घरात आणखी एक नाव कुणी काढायचं नाही.

पप्पांनी हात पुढं केला. माझ्या मांडीवरची डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, लांब धरून, डोळे बारीक करून वाचायचा प्रयत्न केला. त्यांना अक्षर लागेना. चिठ्ठी परत माझ्यापुढं धरली.

“ही गोळी किती वाजता घ्यायची?”

“सकाळी आठ. रात्री आठ.”

“आणि मला?”

“तुम्हाला पण तीच. तेव्हाच.”

“मग मी आठला दुकानातनं घरी येत जाईन,” पप्पा म्हणाले. “माझ्या देखत घ्यायची. मी तुझ्या देखत घेतो.”